टोटल बापाले दाखव

बारावीचा निकाल लागतो तेव्हा वरुडात असं ऊन असतं की मृगबहारासाठी ताणावर सोडलेली संत्र्याची झाडं पानं मुडपून उभी राहतात आणि माणसं चार वाजेपर्यंत कूलरसमोरून उठत नाहीत. अपवाद मेजरच्या ओट्याचा. तिथं भर दोन वाजता मोटरसायकली लागतात. जरूडहून एक, बेनोड्याहून दोन, पुसल्याहून तिघं एकाच गाडीवर. प्रत्येकानं पोटाशी प्लॅस्टिकची फाइल धरलेली. तिच्यात मार्कशीट, टीसी आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. ओट्यावर चढण्याआधी चपला एका ओळीत काढायच्या, हा नियम. ओळ वाकडी असली तर मेजर रागावत नाहीत, नुसते चपलांकडे पाहत उभे राहतात. पोट्टे मुकाट खाली उतरून ओळ सरळ करतात.

फौजेनं त्यांना मेजर कधीच केलं नव्हतं. ते हवालदार म्हणून सुटून आले. पण आमच्याकडे फौजेतला कोणीही गडी बिस्तरा खांद्यावर घेऊन एसटीतून उतरला की तिथंच मेजर होतो, आणि ते पद मरेपर्यंत कोणी काढून घेत नाही. मोर्शीत असे एक मेजर आहेत, अचलपुरात आहेत, अकोटाला माझ्या साडूच्या गल्लीत एक आहेत. मिशा वेगवेगळ्या, ओटा सगळ्यांचा सारखाच. आणि धंदाही एकच: समोर आलेल्या माणसाला फौजेत कुठं बसवायचं, हे ठरवणं.

मार्कशीट हातात आली की आमचे मेजर आधी अंगठ्यानं एकूण गुण झाकून टाकतात.

"एकाहत्तर टक्के हायेत, मेजर," पोरगा छाती काढून सांगतो.

"टोटल बापाले दाखव. मले इंग्रजी दाखव."

इंग्रजीत त्रेचाळीस असतात. मेजर मार्कशीट परत फाइलीत सरकवतात. "क्लार्क गेला. पुढं बोल."

क्लार्क-स्टोअरकीपरला बारावीत साठ टक्के लागतात हे पोरांना ठाऊक असतं. पण प्रत्येक विषयात पन्नास हवेत, इंग्रजीत आणि गणित किंवा बुककीपिंगमध्ये तर हवेतच हवेत, ही बारीक अक्षरातली ओळ कोणी वाचलेली नसते. टेक्निकलला बारावी सायन्स, एकूण पन्नास, विषयवार चाळीस. जनरल ड्यूटी म्हणजे जीडीला दहावीचे पंचेचाळीस टक्के, विषयवार तेहतीस. ट्रेड्समनला दहावी पास, आणि मेसकीपर-हाउसकीपरला आठवीही चालते. मेजरना हे सगळं पाठ. घरातला गॅस नंबर त्यांना सांगता येत नाही, नातवंडांच्या वाढदिवसांत दरवर्षी घोटाळा होतो, पण क्लार्कला १६२ सेंटिमीटर उंची चालते आणि जीडीला आपल्याकडे १६८ लागते, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. काकू म्हणतात, झोपेतच सांगतात.

मार्कशीटनंतर गुडघे. "उभा राह्य. टाचा जोड." पोरगा टाचा जोडतो आणि मेजर उकिडवे बसून त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधून पलीकडचा रस्ता दिसतो का ते पाहतात. गुडघे एकमेकांना टेकले तर मेडिकलला अनफिट. मग तळपाय: फरशीवर ओला पाय ठेवायचा, ठसा पाहायचा, सपाट तर नाही ना. मग शिंप्याचा टेप, ७७ सेंटिमीटर, "फुगव! आनखी! पाच सेंटिमीटर फुगाले पायजे, जेवन नाई झालं का तुह्यं?" ही सवय इतकी हाडीमांसी खिळली आहे की गेल्या साली त्यांच्या मेहुण्याच्या मुलीसाठी स्थळ पाहायला मंडळी गेली, तिथं चहा येण्याआधी मेजरनी नवऱ्या मुलाला उभं केलं. मुलगा बँकेत कॅशियर. त्यालाही वाटलं, वऱ्हाडात अशी काही रीत असेल; तो पुण्याकडचा होता. परत येताना गाडीत मेजरनी निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. गुडघे टेकतेत, पन संसाराले चालते."

आलेल्या दहा पोरांपैकी नऊ जणांना जीडीच पाहिजे असते. टेक्निकल म्हणजे काय ते माहीत नसतं, क्लार्क म्हटलं की तहसील कचेरी डोळ्यांपुढे येते, आणि ट्रेड्समन म्हटलं की पोरगा जमिनीकडे पाहायला लागतो. जीडी म्हणजे बॉर्डर, बॉर्डर म्हणजे सिनेमा. "मले मराठा लाइट इन्फंट्रीच पायजे," असं जो म्हणतो त्याला मेजर एक वाक्य ऐकवतात, जे ओट्यावर आलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे: "कॅटेगरी तुह्या हातात, रेजिमेंट त्याईच्या हातात." अर्ज करताना आपण जीडी, टेक्निकल, क्लार्क एवढंच निवडतो. पुढं बेळगावला जायचं, सागरच्या महार रेजिमेंट सेंटरला, कामठीच्या गार्ड्सला की नाशिक रोडच्या तोफखान्यात, हे जागा आणि मेरिट पाहून फौज ठरवते. "म्हनून जे हातात हाय, थे नीट धर. जे नाई, त्याच्यासाठी देवाले नारळ फोड."

तिवसा घाटचा एक पोरगा रडकुंडीला येऊन बसला होता. रोज पहाटे मोर्शी रोडवर धावून त्यानं १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणले होते, म्हणजे साठपैकी साठ. बीमवर दहा पुलअप्स, चाळीसपैकी चाळीस. आणि उंची १६४. चार सेंटिमीटर कुठून आणायची? त्याच्या आईनं दोन वर्षं त्याला झाडाच्या फांदीला लोंबकळायला लावलं होतं. मेजरनी मार्कशीट पाहिली. कॉमर्स. बुककीपिंग ८८, इंग्रजी ६१, एकूण चौऱ्याहत्तर. मेजर असे हसले की आतून काकू पाहायला आल्या. "अबे लेका, क्लार्कले एकशे बासष्ट लागते. तू तं दोन सेंटिमीटर उधार देशीन कोनाले! अन् इथं फांदीले लोंबून राहिला!" पोरगा आज फौजेत आहे आणि सुट्टीवर आला की मेजरसाठी रम आणतो. ती मेजर पीत नाहीत. दमेकरी सासऱ्याच्या छातीला चोळायला नेतात, असं ते म्हणतात. सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली.

मेजरची खरी लढाई पोरांशी नसते, आयांशी असते. देवीच्या महाप्रसादाला एक पोरगा दरवर्षी वांग्याची भाजी करायचा. पाचशे माणसांची कढई, फावड्याएवढा झारा, आणि मीठ एकदाच, हातानं. दहावीत त्याला एकेचाळीस टक्के, म्हणजे जीडीचं दार बंद. मेजरनी भाजी खाल्ली, दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि द्रोण हातात धरूनच सांगितलं, "ट्रेड्समन. शेफ." त्याची आई संध्याकाळी ओट्यावर. "माह्या पोराले पोया लाटाले फौजेत पाठवता? लोक काय म्हनतीन?" मेजरनी तिला खुर्ची दिली. आचारी असला तरी ट्रेनिंग बंदुकीचंच होतं, फायरिंग त्यालाही करावी लागते, पळावंही लागतं, हे सांगितलं. ती ऐकेना. मग म्हणाले, "बाई, हातभर बर्फात उभ्या असलेल्या पोट्ट्याले रात्री दोन वाजता कोनाची आठवन येते, सांग? तुह्यी येते. अन् तुह्या खालोखाल थ्या गरम डाळ घेऊन येनाऱ्याची." ती बाई पदर डोळ्यांना लावून गेली. आता ती गावात सांगते, पोरगा 'मिल्ट्रीतला शेफ' आहे, आणि शेफ या शब्दावर असा जोर देते की ऐकणाऱ्याला तो एखादा हुद्दा वाटतो.

मेजरचा सिद्धान्त साधा आहे. संत्र्याच्या मंडीत मोठा माल एकीकडे, मधला एकीकडे, आणि जे बारकं राहतं ती चुरी, मातीमोल. "फौजेत चुरी नसते," मेजर म्हणतात. "सगळ्याइले खोका हाय. फकस्त कोनता, थे पायलं पायजे." मी त्यांना एकदा विचारलं, मग इतकी पोरं घरी का परत येतात? ते म्हणाले, "चुकीच्या खोक्यात शिरून पायतेत म्हनून." हे शंभर टक्के खरं नाही. जागा थोड्या आणि पोरं फार, हेही कारण आहे, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ओट्यावर ते बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक दिसतो.

नेव्हीचं नाव काढलं की मात्र त्यांचा तोल जातो. आमचा तालुका भूजलाच्या नकाशात डार्क झोन. बोअर हजार फुटांच्या गोष्टी करतात, चुडामणी नदीत पावसाळा सोडून पाणी शोधावं लागतं. आणि एक पोरगा येऊन सांगतो, मला नौदलात जायचं आहे. "पवता येते?" "येते." "कुठं शिकला?" "मामाच्या विहिरीत." "थे विहीर आटली नाई का?" "आटली. म्हनून तं दोन वर्षांपासून सराव नाई." मेजर बराच वेळ आकाशाकडे पाहत बसले. तरी त्याला त्यांनी ओडिशातल्या चिल्काचं ट्रेनिंग, एसएसआर आणि एमआर या दोन भरत्यांमधला फरक, सगळं सांगितलं, आणि जाताना अप्पर वर्धा धरणावर बिनकामाचं उतरायचं नाही अशी शपथ घ्यायला लावली.

रंगांचा प्रसंग तर तालुक्यात गाजला. मेडिकलला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवतात, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. मेजरनी एका ओळखीच्या कंपाउंडरकडून असं एक पान मिळवलं. मूळ पान खराब होऊ नये म्हणून कचेरीसमोर जाऊन त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि मूळ पान कपाटात कुलपात ठेवलं. त्या आठवड्यात वरूड तालुक्यातली झाडून सगळी तरणी पोरं रंगांधळी ठरली. एकाच्या बापानं नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला, एकाच्या आजीनं गाजराचा उपास धरला, आणि मेजर स्वतः चिंतेत पडले की हे फवारणीच्या औषधानं झालं की बोअरच्या पाण्यानं. शेवटी झेरॉक्सवाल्या पोरानंच धीर करून सांगितलं, "मेजर, आपली मशीन काळी-पांढरी हाय." मेजरनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "मंग मशीन अनफिट."

कागदांच्या बाबतीत ते निर्दय आहेत. दहावीच्या मार्कशीटवर बापाचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पोरगा दारात आला की आधी "आधार काढ" म्हणतात. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, आणि सरपंचाच्या सहीचा अविवाहित असल्याचा दाखला. हा शेवटचा दाखला आमच्याकडे हसत हसत मिळतो. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी कोण देतं? सरपंच सही करताना म्हणतो, याची तर साऱ्या गावाची साक्ष आहे. नोकरी लागली की मात्र त्याच पोराच्या दारी स्थळांची रांग लागते, आणि अविवाहित राहण्याची अट पाळायची कशी, हे विचारायला तो पुन्हा ओट्यावर येतो.

स्वतः मेजर कोणत्या ब्रँचचे, हे ते आपणहून सांगत नाहीत. त्यांना तोफखान्यात जायचं होतं. नागपूरच्या भरतीत साहेबानं यांचं अक्षर पाहिलं, मॅट्रिकचे मार्क पाहिले आणि ऑर्डनन्स कोअरात स्टोअरकीपर केलं. सिकंदराबादला ट्रेनिंग, मग जबलपूरचा डेपो, आणि नंतर नोकरीची मोठी थोरली मुदत पुलगावात. जग पाहायला निघालेला वरुडाचा माणूस. जी वर्धा आमच्या तालुक्याच्या शिवेवरून वाहते, तीच खाली पुलगावला जाते. मेजर तिच्या पाठोपाठ गेले आणि तिथंच राहिले. दारूगोळ्याचा एवढा मोठा डेपो, पण सुट्टीत घरी येताना आई विचारायची, "बॉर्डर पायली का रे?" आणि हे म्हणायचे, "दुरून." काकू रागावल्या की अजून तेच काढतात: "कांबळं मोजाले होते तुमी. कांबळं!" मेजर तेव्हा चहाचा कप खाली ठेवतात. "कारगिलात अडीच लाखांवर गोळे उडाले. थे काय बोफोर्सनं घातले होते? कोनी तरी मोजून पाठोले असन ना?" ऑर्डनन्सचं ब्रीद 'शस्त्र से शक्ति' आहे, हेही त्याच दमात सांगून होतं. काकूंनी ते इतक्यांदा ऐकलं आहे की 'शक्ति' त्याच म्हणतात.

वरुडातल्या प्रत्येक माणसाची त्यांनी मनात नेमणूक करून ठेवली आहे. ट्रॅक्टर नुसता आवाजावरून दुरुस्त करणारा आयटीआयचा पोरगा ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरात. आयटीआयवाल्यांना टेक्निकलमध्ये बोनस गुण असतात, हे त्याच्या बापाला सांगायला मेजर स्वतः शेतावर गेले होते. ज्याच्या शिट्टीवर तीन कुत्री बसतात आणि उठतात, तो मेरठला, रिमाउंट अँड व्हेटर्नरीत. गल्लीतली बातमी दहा मिनिटांत सगळीकडे पोचवणाऱ्या एक बाई आहेत, त्या सिग्नल्सला, जबलपूर. पोस्टमन कामठीला, फौजेच्या टपालाचं सेंटर तिथं आहे आणि टपाल खात्यातून तिकडं जाताही येतं. हे ऐकल्यापासून पोस्टमन मेजरची पत्रं ओट्यावर आणून देतो, पेटीत टाकत नाही. मला एकदा म्हणाले, "गुरुजी, तुमी एज्युकेशन कोअर. हवालदार इन्स्ट्रक्टर. पोट्ट्याइले शिकवलं असतं तुमी." मी जरा फुललो. "पन आता वय गेलं," ते म्हणाले, "आता तुमाले कोनी पायोनियरातबी नाई घेत."

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, त्या आठवड्यात ओटा बंद होता. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढं कायम, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी आणि राम राम. पेन्शनवर घर, पेन्शनवर पोरींची लग्नं, पेन्शनवर बोअर मारलेल्या माणसाला ते काही केल्या पचेना. वयाची अट साडेसतरा ते एकवीस सांगितली, दोन दिवसांत त्या सालापुरती तेवीस केली, त्यानं तर त्यांचं रजिस्टरच बिघडलं. मग पुढच्या साली आधी ऑनलाइन परीक्षा आणि नंतर मैदान, असा क्रम उलटला. मोर्शी रोडवर नुसती पळणारी पोरं घरी बसली आणि कधी न पळणारी अभ्यासू पोरं नागपूरच्या मैदानावर धापा टाकू लागली.

आठवड्यानं मेजर बाहेर आले तेव्हा रजिस्टर नवं होतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल रेघांचं. रकाने तेच: नाव, गाव, उंची, इंग्रजी, गणित, गुडघे. शेवटी एक रकाना नवा, आणि त्याचं शीर्षक त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'मंग काय?'

आता पोरगा जीडी म्हणाला की मेजर पेन त्या रकान्यावर टेकवतात. "चार वर्षं झाली. पंचविसात नाई आला. मंग काय?" पोरगा गप्प. पूर्वी ते शिक्षण पाहून ब्रँच सांगायचे; आता ब्रँच पाहून पुढचं पोट विचारतात. गाड्या दुरुस्त करायला शिकून आला तर वरुडात गॅरेज टाकशील. रेडिओ, केबल शिकलास तर टॉवरवर काम मिळेल. शेफ झालास तर नागपूरच्या हॉटेलात. नुसती रायफल शिकलास तरी पोलीस भरती आहे, सोळाशे मीटर तिथंही पळायचंच आहे. काही पोरं या प्रश्नानं उठून जातात आणि परत येत नाहीत. मेजर त्यांची नावं खोडत नाहीत, रकाना कोरा ठेवतात.

यंदा मे महिन्यात शेंदुरजना घाटची एक पोरगी भावाची फाइल घेऊन आली. भाऊ लाजत होता, म्हणून ती पुढं. मेजरनी भावाचं टोटल झाकलं, इंग्रजी पाहिली, गुडघे पाहिले, टेक्निकल सांगितलं, रजिस्टर मिटलं. ती उठेना.

"अन् मले कोनतं?"

मेजरनी चष्मा काढला. ओट्यावर दर आठवड्याला ते एक गोष्ट अभिमानानं सांगतात: तिन्ही दलांच्या सरसेनापती आपल्या अमरावतीच्या सूनबाई होत्या, प्रतिभाताई पाटील, आणि २००९ साली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या. पण इतक्या वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकाही पोरीचं नाव नव्हतं.

"सैन्य पोलिसात घेतेत," ते म्हणाले. "सोळाशे मीटर, साडेसात मिनिटं. दहा फूट लांब उडी."

"सात मिनिटांत पळतो मी. पन माह्यी इंग्रजी एक्याऐंशी हाय, गनित अठ्ठ्याहत्तर. क्लार्क काऊन नाई?"

"फौजेत पोरीइले अग्निवीर क्लार्कात नाई घेत."

"मंग तुमी तं म्हनता, सगळ्याइले खोका हाय."

मी मेजरना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते आत गेले, कपाटातून कागद काढून आले, ओट्यावर पसरले, बोट फिरवत वाचू लागले. वायुदल. बारावी गणित-फिजिक्स-इंग्रजी, पन्नास टक्के, पोरीही चालतात. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं आणि चेहरा असा उजळला की ही योजना त्यांनीच काढली असावी. "एअरफोर्स! लिही. तुह्या हातानं लिही." तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, मार्क लिहिले. गुडघ्यांच्या रकान्यात काकूंना बोलावून आत नेऊन तपासणी झाली आणि काकूंनी बाहेर येऊन मेजरच्याच आवाजात "फिट" म्हटलं. शेवटच्या रकान्यात पोरीनं 'कॉलेज पुरं करीन, मंग पाहू' असं लिहिलं. 'मंग पाहू' मेजरना पटलं नाही, पण त्यांनी ते खोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला. चपला कशाही फेकून सरळ ओट्यावर. "मेजर, पोराले सांगाले बलावलं होतं तुमाले. पोरीले काय शिकवून राहिले? दिवाळीत सोयरीक हाय तिची!" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. पोस्टमन सायकलवरून उतरून थांबला. सिग्नल्सच्या बाई गॅलरीत आल्या. मेजर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या चपलांकडे, मग पुन्हा पायांकडे.

"उभे राहा," ते म्हणाले. "टाचा जोडा."

आणि काय होतं आहे ते कळायच्या आत त्या माणसानं टाचा जोडल्या.